बारा लाखांचे पंचवीस

रविवारी दुपारी सगळ्यांनी दुकानात या, असा निरोप बापूने पाठवला, तेव्हाच त्याच्या बहिणीला, ताईला, शंका आली. या घरात बैठक बोलावणं हे थोरल्या भावाचं, दादाचं काम. बापू म्हणजे बोलावलेल्या बैठकीलाही उशिरा येणारा आणि निम्म्यातून उठून आपल्या कपड्यांवरच्या डागांपाशी जाऊन बसणारा माणूस. त्याने आपणहून माणसं जमवली, म्हणजे त्याचं काहीतरी ठरलं होतं, आणि एकदा ठरलं की तो वडिलांना, आबांनाही आवरला नव्हता.

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी बसायला बरं वाटे. बॉयलर बंद असायचा, इस्त्रीचे दोन्ही प्रेस गार पडलेले असायचे. वरच्या दांड्यावर प्लास्टिकची पिशवी चढवलेले लोकांचे कोट रांगेत लटकत होते आणि मधल्या लांब टेबलाभोवती स्टुलं मांडली होती. बापूसाठी तेवढी काउंटरवरची पाठीची खुर्ची आत आणली होती. डावी बाही कोपरापर्यंत दुमडून, डायलिसिसच्या सुयांनी टणक झालेली ती शीर उघडी टाकून तो बसला होता. समोर बशीत बर्फाचे चार खडे होते. दिवसभराचं पाणी मोजून मिळायचं, तेव्हा तहान लागली की तो खडा चघळायचा.

दादा आणि वहिनी आले. धाकटी, म्हणजे बापूची बायको, आधीपासूनच कोपऱ्यात उभी होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. बापूची लेक चिमी नोकरीला लागून वर्ष झालं तरी सगळ्यांची चिमीच होती. ती टेबलावरच चढून बसली. एरवी ताईने तिला तिथून उठवलं असतं, पण आज कुणाला काही बोलायची इच्छा नव्हती.

"मी फार वेळ घेत नाही," बापू म्हणाला. "ते नवीन उपचारांचं मला करायचं नाहीये. डायलिसिस चाललंय, ते चालू दे. आठवड्यातून तीन दिवस जायचं, चार तास पडायचं, परत यायचं. तीन वर्षं काढली, आणखी काढू."

"काढू म्हणे," धाकटी म्हणाली. "परवा घरी येऊन जिन्यात बसले होते अर्धा तास. वर चढवेना. ते सांगा ना सगळ्यांना."

"दम लागला होता."

"दम लागतोच आहे रोज."

दादाने घसा खाकरला. पोटाचा घेर, भरघोस मिशा आणि चारचौघांत हिशोबाचं बोलायची सवय, यामुळे तो बोलायला लागला की लोक आपोआप गप्प बसत. "बापू, पैशाचं म्हणशील तर मी विचार करून आलोय. हे दुकान विकू या. कोपऱ्यावरचा फर्निचरवाला दोनदा विचारून गेलाय. आपण तिघं मालक, तिघांनी सह्या केल्या की काम झालं. तुझं ऑपरेशन होईल, उरेल त्यात कुठंतरी छोटा गाळा भाड्याने घेऊ."

ताईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. दुकान विकायचं दादाच्या डोक्यात आजचं नव्हतं. नवा बॉयलर घ्यायचा की गाशा गुंडाळायचा यावरून दोघा भावांचं जे वाजलं होतं, त्यानंतर ते जवळजवळ वर्षभर ताईमार्फतच एकमेकांशी बोलत होते. एक काउंटरच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला आणि मध्ये ताई. बॉयलर आला, भांडण मिटलं, पण दादाच्या मनातून विक्री गेली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता भावाच्या आजाराची शिडी लावून हा तिथंच चढतोय की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"दुकान विकायचं नाही," बापू म्हणाला. "सहा माणसांचा पगार यातून निघतो. आणि मी बरा होऊन बसणार कुठं? भाड्याच्या गाळ्यात बॉयलर कोण लावू देणार आहे?"

"बरोबर बोलतायत भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

आता दादाने चमकून बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात चारचौघांसमोर वहिनींनी त्याला असं तोडलेलं कुणाला आठवत नव्हतं. धाकटीला तर ते फारच लागलं.

"तुम्हाला काय जातंय बरोबर म्हणायला," ती वहिनींना म्हणाली. "माझ्या घरात माणूस झिजतोय. विका म्हणते मी. दादा बरोबर बोलतायत. दुकान काय, मी घरही विकेन."

"अगं, मी नको कुठं म्हणतेय? पण सगळं विकून उद्या खायचं काय?"

"उद्या उजाडू तर दे."

एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकमेकींच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या दोघी जावा आज टेबलाच्या दोन बाजूंना गेल्या, आणि जिचं दादाशी कधी पटलं नाही ती धाकटी त्याच्या बाजूला. ताई बघत राहिली. तिला आपलं सांगायचं होतं, पण कुठून शिरावं ते कळेना.

कारण किडनी तिची होती. द्यायची म्हणून तिने तीन वर्षांपूर्वीच हात वर केला होता. तेव्हा रक्तगट जुळला नाही. धाकटीला साखर, दादाला रक्तदाब, चिमीची घ्यायला बापू मेला तरी तयार नव्हता. विषय संपला होता. मग मागच्या महिन्यात मोठ्या इस्पितळात नवे डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितलं की आता रक्तगट न जुळताही करतात.

"काय करतात नक्की?" दादाने विचारलं. "मला अजून नीट कुणी समजावलंच नाही."

हे ताईला जमण्यासारखं होतं. "बापूच्या रक्तात माझ्या रक्तगटाशी भांडणारे घटक आहेत. माझी किडनी तशीच बसवली तर ते तिच्यावर तुटून पडतील. म्हणून आधी काही दिवस त्याचं रक्त एका गाळणीतून फिरवायचं, ते भांडखोर तेवढे बाहेर काढायचे. नवीन तयार होऊ नयेत म्हणून औषध द्यायचं. मग ऑपरेशन."

"त्याच्यातला भांडखोरपणा गाळून काढता येतो हे आधी कळलं असतं, तर बॉयलरच्या वेळी मीच पैसे भरले असते," दादा म्हणाला.

बापू हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला असावा. पण लगेच त्याने मान हलवली.

"ऐका. गाळणी चांगली असेल, डॉक्टर चांगले असतील. पण पंचवीस लाख घालायचे, तेही लागेल की नाही याचा पत्ता नसताना? नाही चाललं तर दुकान गेलं, पैसे गेले, ताईची किडनी गेली आणि मी परत त्याच पलंगावर. ह्याला जुगार म्हणतात. मी नाही खेळत."

पंचवीस. ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर ती एकटी बसली होती. त्या वेळी बापू खालच्या मजल्यावर डायलिसिसच्या पलंगावर होता. तेव्हा पंचवीस हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. पण कदाचित दादाने परस्पर चौकशी केली असेल. पैशाचं तोच बघायचा. कदाचित मागाहून खर्च वाढला असेल.

"दादा," ती म्हणाली, "तू इस्पितळात जाऊन आलास?"

"मी कशाला जाऊ? तूच गेली होतीस ना."

"मग पंचवीस कुठून आले?"

"मला काय माहीत. मीही आत्ताच ऐकतोय पंचवीस."

ताईचा पारा चढला. "दादा, खरं सांग हं. दुकान विकायला बरं पडावं म्हणून आकडा फुगवलास ना? आजारी भावाच्या नावावर?"

दादाचा चेहरा पडला. तो रागावला असता तर ताईला बरं वाटलं असतं. तो नुसता स्टुलावर बसून राहिला.

"मी पंचवीस म्हटलंच नाही कधी," तो म्हणाला. "तू म्हणालीस ते मी घरी हिला सांगितलं. बास."

"काय सांगितलंस?"

"अठरा."

"मी अठरा म्हटलं होतं?"

दादाने मिशीवरून हात फिरवला. "पंधरा म्हटलं होतंस. मी आपलं अठरा सांगितलं. ऐनवेळी कमी पडायला नको म्हणून."

"आणि वहिनी, तुम्ही?"

वहिनींनी पदर सारखा केला. "मी हिला म्हटलं, बावीस धरून चाल. इस्पितळाचं काही खरं नसतं. पुढं बिल कमी आलं तर आनंदच आहे."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिने बापूकडे पाहिलं.

"मी म्हटलं पंचवीस," ती हळूच म्हणाली. "वरखर्च असतातच ना. ह्यांना नंतर धक्का बसायला नको."

चिमी टेबलावरून खाली उतरली. "एक मिनिट. आत्या, तुला डॉक्टरांनी पंधरा सांगितले होते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बारा," ताई म्हणाली. "बारा सांगितले. गाळणीसकट, दोघांच्या ऑपरेशनसकट. फार तर तेरा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग सगळ्यात आधी चिमी हसायला लागली. तिला थांबवेना. वहिनींनी तोंडावर पदर धरला. दादा आधी नको नको म्हणत होता, मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि त्याने टेबलावर डोकं टेकलं.

या घराण्याला कुणी वेगळा शाप द्यायची गरज नव्हती. आबांनी दुकान काढलं तेव्हा पहिला धडा दिला तो हा. साडी उद्या होणार असेल तर परवा सांगायचं. पन्नास लागणार असतील तर सत्तर सांगायचं आणि पन्नासच घ्यायचे. गिऱ्हाईक हसत घरी गेलं पाहिजे आणि परत आलं पाहिजे. तिन्ही मुलांनी ते अंगी बाणवलं. सुना आल्या त्याही वर्षभरात तयार झाल्या. आता लग्नाची वेळ विचारली तरी या घरातून कुणी खरी वेळ सांगत नसे, आणि नातेवाईक ते गृहीत धरूनच निघत. बाहेरच्या जगाशी ते ठीक चाललं होतं. घरातल्या घरात चार तोंडांतून आकडा फिरला, तर बारा लाखांचे पंचवीस होतात, हे मात्र आबांच्याही लक्षात आलं नसतं.

"बारा," दादा डोळे पुसत म्हणाला. "बारा म्हणजे जमतंय रे. विम्याचे चार आहेत. माझ्याकडे..."

"माझ्या ठेवी आहेत," ताई म्हणाली.

"माझे दागिने आहेत," धाकटी म्हणाली, आणि वहिनी तिला तोडत म्हणाल्या, "तुझे राहू दे, आधी माझे." दोघी पुन्हा टेबलाच्या एका बाजूला कधी आल्या ते कुणाला कळलं नाही.

"आणि नंतरची औषधं?" बापूने विचारलं. तो हसला नव्हता. "ती जन्मभराची. त्याचे किती? का तेही चौघांना विचारून सरासरी काढू?"

"पहिलं वर्ष जड जाईल," ताई म्हणाली. "औषधं महाग आहेत, तपासण्या सारख्या आहेत. पुढं कमी होतं. आता डायलिसिसला, गाडीभाड्याला आणि इंजेक्शनांना जातात तेवढेच धर. आणि तू कामाला उभा राहशील ते वेगळं. गाळणी ठरल्यापेक्षा जास्त वेळा फिरवावी लागली तर एखादा लाख वाढेल. हे डॉक्टरांचे शब्द आहेत, माझे नाहीत."

"पहिल्या वर्षाची औषधं माझ्याकडे," दादा म्हणाला. मग ताईकडे न बघता म्हणाला, "दुकान मला विकायचंय, हे खरंय. गुडघे गेले माझे बॉयलरपाशी उभं राहून. पण त्याच्या जिवावर नाही."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "मी असं बोलायला नको होतं."

"बोललीस ते बरं झालं. नाहीतर पंचवीसच राहिले असते."

ताईला वाटलं, जमलं. पण बापू खुर्चीवरून उठला. टेबलाला धरून उभा राहिला, बर्फाचा एक खडा तोंडात टाकला आणि आपल्या कोपऱ्याकडे गेला. तिथे त्याचं डाग काढायचं टेबल होतं, वर दिवा, बाजूला बाटल्या आणि ब्रश. एक पांढरा सदरा तसाच पसरून ठेवलेला होता. धाकटी त्याच्यामागे निघाली, तिला ताईने हाताने थांबवलं आणि स्वतः गेली.

तिने दिवा लावला. बापू सदऱ्याच्या खिशाखालचा शाईचा डाग बघत बसला होता.

"आणखी एक विचारायचंय," तो म्हणाला. "मी बायकोला विचारलं होतं, किडनी चालेल का म्हणून. ती म्हणाली, सांगता येत नाही. तिला वहिनींनी तसंच सांगितलं होतं. हे कुठून निघालं?"

ताई खाली बघायला लागली. काउंटरवर डाग निघेल का विचारलं, की तीस वर्षं तिच्या तोंडून तेच निघत आलं होतं. निघणार हे डोळ्यांना दिसत असलं तरीही. दादाने फोनवर विचारलं तेव्हाही तिच्या तोंडून तेच निघालं होतं.

"माझ्याकडून," ती म्हणाली. "डॉक्टर तसं नाही म्हणाले. ते म्हणाले, त्यांनी केलेल्यांपैकी बहुतेक जण चांगले आहेत. काहींना त्रास झाला, दोघांची किडनी बंद पडली. बाकीचे आपापल्या कामाला लागलेत. तुझं हृदय चांगलं आहे, वयही फार झालेलं नाही, आता केलं तर चांगलं होईल, असं म्हणाले."

"आणि तू?"

"माझं काय?"

"तुझं काय होईल? पैशाचं मला नाही गं एवढं. मी पैशाच्या आड बसलो होतो. तुला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?" त्याने बाजूचा ब्रश उचलला. "काय म्हणाले तुझ्याबद्दल?"

"एका किडनीवर माणूस नीट जगतो. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. चार-पाच दिवसांत घरी, दोन महिने जड उचलायचं नाही. आणि वर्षातून एकदा तपासून घ्यायचं."

बापूने तिच्याकडे पाहिलं. "आता हे वाढवून सांगतेयस की कमी करून? माझी काळजी जावी म्हणून? मला कसं कळणार, ताई? तू खरं सांगितलंस तरी मला कळणार नाही."

त्याचं बरोबर होतं. तीस वर्षं ज्या तोंडाने गिऱ्हाइकं राखली, ते तोंड आज भावाला पटवायला पुरत नव्हतं. तिने बाजूचं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

बापू तिच्याकडे वळला.

"खूप वाटते. मी आयुष्यात कधी टाके घालून घेतले नाहीत. भूल दिली आणि जागच आली नाही तर, असं सारखं मनात येतं. डॉक्टरांसमोर मी मोठ्या तोऱ्यात माना हलवत होते, आणि खाली येऊन जिन्यापाशी रडले. नर्सने पाणी आणून दिलं. एकदा तर वाटलं, रक्तगट जुळला नाही तेच बरं होतं, माझी सुटका झाली होती. तुझी सख्खी बहीण असं म्हणतेय बघ. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे वाढवूनही नाही आणि कमी करूनही नाही."

बापूच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मागे टेबलापाशी चिमी काहीतरी विचारत होती आणि वहिनी तिला चूप करत होत्या.

"मग देतेस कशाला?"

"मला तू हवा आहेस," ताई म्हणाली. "मला तू इथं बसलेला हवा आहेस. भीती वाटते आणि द्यायचीही आहे. दोन्ही आहे. त्याला मी काय करू?"

तिला वाटलं होतं तो आता नाही म्हणेल. भित्र्या बहिणीकडून कोण घेईल? आपण हातातलं घालवलं, असं वाटून ती उठायला लागली. पण बापूने तिचा हात धरला. त्याच्या डाव्या हाताची ती टणक शीर तिच्या मनगटाखाली थरथरत होती, जिवंत.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "दर वेळी सुई टोचताना वाटते. कुणाला बोललो नाही. म्हटलं, आधीच सगळे घाबरलेत."

"मग?"

"मग काय. दोघं जाऊ."

ताईला रडू फुटलं. आवाज न करता रडायची तिला सवय होती, काउंटरवर उभं राहून ती तसं पुष्कळदा रडली होती. आज तिला ते जमलं नाही. बापूने तिला आपल्याकडे ओढलं आणि तिचं डोकं खांद्यावर धरलं. तीन वर्षांत त्याने कुणाला आधार दिला नव्हता, सगळे त्यालाच देत होते, आणि त्याच्या खांद्यात अजून बळ आहे हे ताईला तेव्हा कळलं.

"काय झालं?" टेबलापासून धाकटीने घाबरून विचारलं. "काय म्हणतायत हे?"

बापूने ताईला सोडलं नाही. तिच्या डोक्यावरून त्याने आवाज दिला, जिन्यात दम लागणाऱ्या माणसाचा वाटू नये इतका मोठा.

"इस्पितळाला फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, येतोय आम्ही."